डोकेबाजाचा वाटा

त्याला सगळे डोकेबाज म्हणत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, हा अभ्यासात पुढे असणार. तसलं काही नव्हतं. पुस्तकांचं आणि त्याचं कधीच जमलं नाही. गणिताचे मास्तर तर म्हणायचे, याच्या डोक्यात ठेवायला काही नव्हतं म्हणून ते भरीव केलंय. पण फुटबॉलच्या मैदानावर चेंडू हवेत उडाला की सगळ्यांच्या आधी त्याचं डोकं तिथे पोचलेलं असायचं. पायांत फारशी जादू नव्हती, धावणंही बेताचंच. मात्र गोलसमोर तो उभा असला की वरून येणारा चेंडू मागे जात नसे. शहरातल्या क्लबने त्या एका गुणावर त्याला पगारी खेळाडू करून घेतलं, आणि पुढची कितीतरी वर्षं तो त्यांच्या बचावाच्या मधोमध खांबासारखा रोवलेला होता.

पण ही हकीकत खरं म्हणजे त्याच्या ताईची. आई गेली तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. वडील मालट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी टेकणारे. ताईनेच त्याला वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा लवकरच आजारात गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती पुन्हा माहेरच्या त्या दोन खोल्यांत येऊन राहिली. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती, तिथे ती काचा घासायची. चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते, काच त्यावर धरायची आणि फ्रेमच्या आकाराला आणायची. जोर जास्त झाला की काच तडकते. दिवसभर हेच. संध्याकाळी तिच्या बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी बसलेली असायची आणि दोन्ही हात पाण्यात राहून सुरकुतलेले.

डोकेबाज सरावाला जायचा ते मैदान तिच्या दुकानाच्या वाटेवर होतं. कधीकधी काम लवकर आटपलं तर ती त्याला घ्यायला थांबायची. बाकीचे खेळाडू आंघोळ करून, केस विंचरून बाहेर पडत आणि हा आतच. प्रेक्षकांच्या गॅलरीखाली एका लोखंडी तुळईला दोरीने चेंडू टांगलेला होता, तो प्रशिक्षकांनी खास याच्यासाठी बांधला होता. याने उडी मारून त्याला डोकं द्यायचं, चेंडू झोका घेऊन परत आला की पुन्हा. बाहेर उभ्या असलेल्या ताईला नुसता धप्प, धप्प आवाज यायचा. चेंडू भिजलेला असला की आवाज जड यायचा.

"दुखत नाही का रे?" तिने एकदा विचारलं.

"पहिल्या दोन-चार वेळा दुखतं. मग कळतच नाही."

"न कळणं म्हणजे न दुखणं नव्हे."

"ताई, तू काचा घासतेस, तुझे हात भिजतात. मी डोकं घासतो. घर चालतंय ना?"

घर चालत होतं, खोटं कशाला बोला. वडिलांना शेवटच्या दिवसांत चांगलं औषधपाणी मिळालं ते याच्या पगारातून. आणि नुसतं घरच नाही. त्या क्लबात एक पद्धत होती, तिला खेळाडू 'वाटा' म्हणत. दर महिन्याला पगार झाला की प्रत्येकाने आपल्या मर्जीने थोडा भाग बाजूला काढायचा आणि वर्षभराचं जे जमेल ते कुठल्यातरी गरजूला द्यायचं. पद्धत जुनी, पण मरगळलेली. डोकेबाजाने तिच्यात जीव ओतला. पगाराच्या दिवशी तो कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आडवा उभा राहायचा आणि वाटा काढल्याशिवाय एकालाही बाहेर सोडायचा नाही. "गोलरक्षकाला चकवशील, मला नाही," असं म्हणायचा. त्याच्या काळात तो पैसा मुलांच्या इस्पितळाला जायचा, पायांनी अधू असलेल्या मुलांच्या वॉर्डला. एकदा ताई वैतागून म्हणाली होती, "आपल्या मोरीचा नळ दोन वर्षं गळतोय, आणि तू निघालास दानशूर व्हायला." तो हसला. म्हणाला, "मला पगार मिळतो धावायचा. ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांनी काय करायचं? नळ रविवारी बघतो." नळ त्याने बघितला नाही. तिनेच प्लंबर बोलावला.

त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. खेळणं संपल्यावर क्लबने त्याला लहान मुलांना शिकवायचं काम दिलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग हळूहळू काहीतरी सैल व्हायला लागलं. आधी राग. शांत माणूस, पण ताटात मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावून द्यायचा आणि पाच मिनिटांनी विचारायचा, इथे काय सांडलंय. मग रस्ते चुकायला लागले. मग मुलांची नावं, मग स्वतःच्या मुलाचं नाव. एकदा त्याने बायकोवर हात उगारला. ती बिचारी सोसणारी होती, पण त्या दिवशी मुलगा मध्ये पडला आणि त्याचा दात तुटला. ती मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात भावाकडे निघून गेली. जाताना ताईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "ताई, मी वाईट नाही हो." ताई म्हणाली, "मला माहीत आहे. जा तू." तिने तिला कधी दोष दिला नाही. कुणी दिला तर ऐकूनही घेतला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी डोक्याची फिल्म उजेडावर धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "इथे भरलेलं असायला हवं, तिथे पोकळी झालीय. वर्षानुवर्षं बसलेल्या हादऱ्यांनी होतं हे."

"औषध?"

"झोप लागावी म्हणून देते. राग आवरायला देते. मागे नेणारं औषध नाही."

ताईने फिल्म घडी होणार नाही अशी धरून घरी आणली आणि कपाटावर ठेवली. तो त्या वेळी पलंगावर बसून बुटाची नाडी बांधत होता. नाडी नसलेला बूट होता.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांचं वर्णन करायला गेलं तर ऐकणारा कंटाळतो आणि जगणाऱ्याला कंटाळायचीही मुभा नसते. सकाळी तो उठायचा आणि सरावाला निघायचा. तिने बाहेरून कडी लावली की दाराला धडका द्यायचा, खांद्याने नव्हे, डोक्याने. कडी काढली की रस्त्यावर. दोनदा पोलिसांनी आणून सोडला, एकदा मासळीवाल्यांच्या टेम्पोतून आला. शेजारच्या म्हातारीकडे ताई किल्ली ठेवून कामाला जायची, पण म्हातारी त्याला घाबरायची, आणि घाबरायचं कारण होतं. दुकानाचे मालक भले होते. त्यांनी पहिल्यांदा समजून घेतलं, दुसऱ्यांदा समजून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, मलाही गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं असतं." तिच्या हातून त्या महिन्यात बऱ्याच काचा तडकल्या होत्या.

अशात एक दिवस क्लबचा कप्तान दुकानात आला. ताईला वाटलं, उन्हाचा चष्मा घ्यायला आला असेल. तो मागच्या खोलीच्या दाराशी येऊन अवघडून उभा राहिला, उंच माणूस, दाराच्या चौकटीखाली मान वाकवून.

"मैदानावरच्या माळीबाबांनी सांगितलं आम्हाला," तो म्हणाला. "पोरांचं ठरलंय. या वर्षीचा वाटा डोकेबाजांना द्यायचा."

चाक फिरत होतं, ते तिने बंद केलं. या घरातून वाटा गेला होता, या घरात कधी आला नव्हता. तिच्या ओठावर नकार आलाच होता. पण त्याच क्षणी तिला आठवलं की सकाळी ती त्याला पलंगाच्या पायाला ओढणीने बांधून आली आहे. म्हातारीने किल्ली ठेवून घ्यायला नकार दिला होता आणि दुसरा इलाज उरला नव्हता.

"द्या," ती म्हणाली. धन्यवादही म्हणायचं राहून गेलं.

त्या पैशातून एक माणूस ठेवला. इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेला, सगळे त्याला मामा म्हणत. मामा सकाळी ताई निघायच्या आधी यायचे आणि ती परतली की जायचे. काय त्या माणसाच्या हाताला गुण होता कोण जाणे. डोकेबाज त्यांच्याकडून गुपचूप दाढी करून घ्यायचा. सरावाला जायचंय म्हणाला की मामा म्हणायचे, "चला," आणि दोघं बागेला दोन फेऱ्या मारून यायचे. परत आल्यावर मामा म्हणायचे, "झाला आजचा सराव," आणि तो समाधानाने उकडलेलं अंडं खायचा. ताई पहिल्यांदाच दिवसभर सलग काम करू शकली. एका संध्याकाळी ती घरी आली तर दोघं पत्ते खेळत होते. डोकेबाजाला पत्त्यांतलं काही कळत नव्हतं, तो नुसता पत्ते टाकत होता आणि मामा प्रत्येक डाव हरत होते. ताई स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ उगाच भांडी लावत राहिली.

खेळाडूही यायचे. पहिल्या महिन्यात झुंडीने आले, फळं घेऊन, आणि कुठे बसावं ते न कळल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. पुढे कमी झाले. एक मात्र येत राहिला. तो नवा स्टॉपर होता, म्हणजे डोकेबाजाच्या जागेवर आता खेळणारा. चोविशीतला असेल, मान बैलासारखी, कपाळावर टाक्यांची खूण. तो यायचा, डोकेबाजासमोर खुर्ची ओढून बसायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचा. डोकेबाज त्याला उडी कधी मारायची ते सांगायचा. ते मात्र त्याला बरोबर आठवत होतं. "चेंडूकडे बघू नकोस. मारणाऱ्याच्या पायाकडे बघ. आणि डोळे मिटायचे नाहीत." मग तेच पुन्हा. मग पुन्हा.

मामांनी ताईला सांगितलं की हा पोरगा इतरांपेक्षा जास्त वाटा देतो, कप्तान बोलला होता. ताईला ते चांगलं वाटलं, पण एका रविवारी स्टॉपर जायला निघाला तेव्हा ती त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली, आणि तिथे त्याने विचारलं, "ताई, यांचं सुरू कशाने झालं? म्हणजे, सगळ्यात पहिल्यांदा काय?"

"राग," ती म्हणाली. "का रे?"

"नाही, असंच." तो एक पायरी उतरला. "आणि डोकं दुखायचं का?"

"बोलायचा नाही कधी. तुझं दुखतं?"

तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. तेव्हा ताईच्या ध्यानात आलं की हा दया म्हणून येत नाही. एखादा माणूस नवस बोलतो आणि फेडत राहतो, तसा हा आपल्या पगारातला वाटा फेडतो आहे. इथे दिलं की तिथे वाचेन, असा काहीतरी हिशोब त्याने मनाशी मांडला होता.

"सोडून दे," ती म्हणाली. "माझं ऐक. दुसरं काहीही कर."

"मला दुसरं काही येत नाही, ताई. घरी आई आहे, दोन बहिणी शिकतायत, भावाचं नुकतं लग्न झालंय आणि त्याला काम नाही. माझ्या डोक्यावर सगळं." त्याने हे म्हटलं आणि आपण काय म्हटलं ते त्याला कळलं. तो ओशाळून हसला आणि भराभर उतरून गेला.

वर्ष संपत आलं तेव्हा क्लबच्या कार्यालयातून साहेब आला. गोड बोलणारा, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावणारा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की एका सामन्याच्या मध्यंतरात डोकेबाजांचा सत्कार करू. एक छोटासा कार्यक्रम. खेळाडू त्यांना मोठा पुठ्ठ्याचा चेक देतील, फोटो होतील, लोकांना प्रेरणा मिळेल.

"त्याला गर्दी सोसत नाही," ताई म्हणाली.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे. आणि जाहिरातदार म्हणतायत, पोरं देतात ते दिसलं तर पुढच्या वर्षी तेही भर घालतील. नाही दिसलं तर…" पुढचं त्याने सांगितलं नाही. ताईच्या दंडाला हात लावला आणि चहा न घेता गेला.

कप्तान संध्याकाळी येऊन म्हणाला, "मला हे पटत नाही, पण माझं कोण ऐकतंय?" ताई म्हणाली, "मामांना ठेवायचं तर जावं लागेल."

सामन्याच्या दिवशी मामांनी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. क्लबने वरून जर्सी चढवायला दिली, त्याच्या जुन्या क्रमांकाची, पाठीवर मोठ्या अक्षरांत डोकेबाज. मध्यंतर झालं आणि त्याला मैदानावर नेलं. ताई कडेच्या रेघेपाशी उभी होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पुठ्ठ्याचा चेक आला, तो त्याने उलटा धरला, साहेबाने सरळ केला. फोटो झाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि गॅलरीतल्या जुन्या माणसांनी त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली, डोके-बाज, डोके-बाज, ठेका धरून. त्या आवाजाने त्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. ताईने ते लांबून पाहिलं.

त्याने चेक खाली टाकला आणि चालत गोलसमोरच्या आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

आधी लोक हसले. प्रेमानेच हसले असतील. दोन्ही संघ परत आले, पंच आले, आणि हा हलेना. साहेब गेला, त्याच्या दंडाला हात लावला, तर याने तो झटकून टाकला. मामा गेले आणि म्हणाले, "चला, झाला आजचा सराव." त्याने मामांकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "सराव कुठला? सामना चालू आहे." शेवटी ताई चपला घालून तशीच गवतावर गेली. एवढ्या माणसांसमोर चालायची तिला सवय नव्हती. तिचे पाय एकमेकांत अडकत होते.

"चल रे घरी."

"ताई, तू बाहेर हो. चेंडू लागेल."

"संपला सामना."

"कसा संपेल? अजून पंचांनी शिट्टी दिली नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी चुकलो का काही? मला का काढताय?"

लोकांचं हसणं आता थांबलं होतं. तेवढ्यात नवा स्टॉपर पुढे आला. त्याने कुणाला विचारलं नाही, पंचांनाही नाही. आधी तो धावत रेघेच्या बाहेर गेला, मग वळून परत आत आला, डोकेबाजासमोर सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "सर, बदली झालीय. तुम्ही बाहेर, मी आत."

डोकेबाजाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग मान डोलावली. बदली होते तेव्हा खेळाडूने काय करायचं असतं ते त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्याने स्टॉपरच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "डोळे मिटायचे नाहीत," आणि दोन्ही हात वर करून, गॅलरीकडे बघून टाळ्या वाजवत, सावकाश चालत मैदानाबाहेर आला. सगळं मैदान उभं राहिलं होतं. म्हातारी माणसं रडत होती. ताई त्याच्या मागून चालत होती, पुठ्ठ्याचा चेक काखेत घेऊन, कारण तो कुणीच उचलला नव्हता.

त्या प्रसंगाचं चित्रण घरोघरी फोनवर गेलं. दुकानात गिऱ्हाइकं मागच्या खोलीत डोकावून विचारायची, तुम्हीच का त्या? कुणी हसून पाठवत होतं, कुणी रडून. क्लबचं नाव झालं, जाहिरातदार खूश झाले. साहेबाने फोन करून सांगितलं की आता काळजी नको.

काळजी नको हे दोन महिने खरं ठरलं. मग संघ हरत गेला आणि हंगामाच्या शेवटी खालच्या श्रेणीत घसरला. जाहिरातदारांचं प्रेम तेवढ्यावर सरलं. नवे मालक आले, त्यांनी आधी पगार थकवले आणि मग खेळाडू सोडले. जिथे पगारच नाही तिथे त्यातला वाटा कुठून निघायचा? कोण कुठल्या क्लबात गेलं, कोण गाडी चालवायला लागलं. स्टॉपरला लांबच्या मोठ्या संघाने घेतलं, चांगल्या पैशांवर. जायच्या आधी तो भेटायला येईल असं ताईला वाटलं होतं. तो आला नाही. तिला त्याचा राग आला नाही. त्या खोलीत पुन्हा येऊन बसायचं आणि मग खेळायलाही जायचं, हे कुणालाच जमलं नसतं.

कप्तान मात्र आला. मागच्या खोलीच्या दारात तसाच मान वाकवून उभा राहिला आणि खिशातून पाकीट काढून म्हणाला, "हे माझ्याकडून. पुढचं मला सांगता येत नाही." त्याच्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं ते तिला ऐकून माहीत होतं. तिने पाकीट घेतलं. पूर्वीची ताई असती तर परत केलं असतं.

मामांनी दोन महिने बिनपगारी काढले. मग एक दिवस जिन्यात बसून म्हणाले, "ताई, माझीही सून आता बोलायला लागलीय." ती म्हणाली, "तुम्ही केलंत तेवढं सख्खा भाऊ करत नाही." मामांनी डोकेबाजाची दाढी केली, वस्तरा धुऊन पुसून ठेवला, त्याला सांगितलं, "झाला आजचा सराव," आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो दारापाशी बूट घालून बसून राहिला. त्यानंतरच्या दिवशीही. मग त्याने पुन्हा दाराला धडका द्यायला सुरुवात केली, आणि या वेळी कपाळ फुटलं.

शहराबाहेर सरकारी आश्रयगृह आहे. ताईने स्वतःशी शंभर वेळा म्हटलं होतं की काहीही झालं तरी तिथे नाही. पण दुकानातली नोकरी सुटली असती तर दोघांनीही तिथेच जायची पाळी आली असती. तिने त्याला बसने नेलं. वाटेत तो खिडकीतून बघत होता आणि एखाद्या मैदानाशेजारून बस गेली की "आपलं ना?" म्हणायचा. ती "हो" म्हणायची. आत गेल्यावर तिथल्या बाईने त्याला पलंग दाखवला, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी पलंग, त्यांवर आणखी कुणाकुणाचे भाऊ. तो तिला म्हणाला, "आई, तू थांबणार ना?" आई म्हणाला होता, ताई नव्हे. तिने थांबते म्हणून सांगितलं आणि तो दुसरीकडे बघत होता तेवढ्यात निघाली. फाटकापाशी पोचेपर्यंत मागून हाक आली नाही. ती आली असती तर काय केलं असतं, ते तिला आजही सांगता येत नाही.

दर रविवारी ती जाते. तो आता बोलत नाही. डोक्याला एक जाड गादीसारखी टोपी घालून ठेवतात, कारण उठून कशावरही आपटतो. पहिल्यांदा ती टोपी पाहून तिला रडू आलं, आता टोपी मळली असेल तर ती तिथल्या मोरीवर धुऊन आणते. दालनात टीव्ही चालू असतो. एका रविवारी त्यावर सामना होता आणि गोलसमोर तोच स्टॉपर, वेगळ्या रंगाच्या जर्सीत. कॉर्नरवरून चेंडू आला, तो उडाला, दुसऱ्या खेळाडूच्या डोक्याशी त्याचं डोकं आदळलं आणि तो खाली पडला. बराच वेळ पडून होता. मग डोक्याला पट्टी गुंडाळून उठला, पंचांना हात दाखवला की मी ठीक आहे, आणि खेळायला लागला. समालोचक म्हणाला, याला म्हणतात जिगर. दालनातले सेवक टाळ्या वाजवत होते. ताईच्या हातात वाटी-चमचा होता. ती एकदा टीव्हीकडे, एकदा भावाकडे बघत राहिली. भाऊ खिडकीच्या गजाकडे बघत होता. तिने त्याच्या हनुवटीवरून ओघळलेलं सूप पुसलं आणि पुढचा चमचा भरला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. दाराशी सेवकाने तिला थांबवलं आणि म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी बनियन आणा दोन-तीन. त्यांचे कुठे गेले कोण जाणे. आणि लहान मापाचे आणा, वाळलेत फार."

"आणते," ती म्हणाली, आणि बस सुटू नये म्हणून भराभर चालायला लागली.